पंखा, पिन आणि एक वायसर

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'आउटबोर्ड इंजिनाचा प्रोपेलर बदलणे'. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन. दिवाळे गावच्या धक्क्यावर प्रोपेलर कुणी म्हणत नाही, पंखाच म्हणतात, तेव्हा आज आपणही पंखाच म्हणू. समोरच्या निम्म्या मंडळींच्या घरी होडी आहे. उरलेल्या निम्म्यांच्या घरी छताला पंखा आहे आणि तो बिघडला की ते इलेक्ट्रिशियनला फोन करतात. हसू नका, मीही करतो.

माझं म्हणणं एवढंच, की होडीचा पंखा मोडायलाच बसवलेला असतो. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं ते आतले गिअर वाचावेत म्हणून. पंख्याच्या पोटातलं रबर निसटतं तेही त्याचसाठी. जुन्या छोट्या इंजिनांत तर एक पिन असते, तिचं काम म्हणजे वेळेला तुटणं. घरातला फ्यूज उडाला तर आपण त्याच्यावर चिडतो का? पण पंखा गेला की लोक इंजिनाला शिव्या घालतात. आणि होडीत दोन दोन मोबाईल, डब्यात पोळीभाजी, थर्मासमध्ये चहा. जादा पंखा मात्र घरी, माळ्यावर.

मी तसा शहाणा होतो. माझा जादा पंखा होडीत होता. तरी काय झालं ते ऐका.

२०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. पौर्णिमा होती. वाशीगावातल्या मित्राने सकाळीच बजावलं होतं, "आज उधाण हाय, पाणी लय मागं जाईल." भांगाच्या दिवशी, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा जा, असंही म्हणाला. पण माझी सुट्टी पौर्णिमेला, भांगाला कोण विचारतो? जेवून निघालो, ऐरोलीच्या दिशेने. चारच्या सुमारास खाट्कन आवाज झाला आणि हँडल हातात थरथरू लागलं. डोलीचा, म्हणजे मासेमारीच्या जाळ्याचा, जुना खुंट पाण्याखाली होता. तीनपैकी एक पातं पापडासारखं मुडपलेलं.

काही हरकत नाही म्हटलं. इंजिन बंद केलं, पाना काढला, गुडघाभर चिखलात उतरलो. नट अडवणारी स्प्लिट पिन सरळ करून ओढली, नट सोडला, पंखा खेचला. छान निघाला. नवा चढवला, नट आवळला, तर पंखा जागचा हलेना! गिअरच्या डब्याला घासून बसला होता. मग आठवलं: पंख्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला एक जाड वायसर असतो, थ्रस्ट वायसर. पुढे ढकलण्याचा सगळा जोर तोच झेलतो. तो ग्रीसने जुन्या पंख्याला चिकटून आला होता आणि बुडूक करून चिखलात गेला होता.

ठाण्याच्या खाडीचा चिखल ज्यांनी तुडवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मी कोपरापर्यंत हात घालून शोधतोय आणि थोड्या अंतरावर फ्लेमिंगो चोच उलटी करून तोच चिखल गाळतायत. त्यांना हवं ते मिळत होतं. पाणी निघून गेलं, होडी कलली, चंद्र वर आला. नऊच्या पुढे भरतीने होडी उचलली तेव्हा मित्र दोर घेऊन आला. एकच वाक्य बोलला, "खाली टॉवेल नाय धरलास?" आजतागायत भेटला की टॉवेल विचारतो.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, तर विषय.

आधी इंजिन न्यूट्रलमध्ये टाका, चावी आणि सुरक्षेची दोरी काढा, स्पार्क प्लगची वायर सुटी करा. हाताने पंखा फिरवताना इंजिन चालू झालं तर बोटं राहत नाहीत. पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, मग नट सोडा. खाली टॉवेल. निघालेल्या वस्तू निघाल्या त्याच क्रमाने मांडा. शाफ्टला, म्हणजे पंख्याच्या दांड्याला, नायलॉनचा दोरा गुंडाळलेला आहे का बघा. तो सील कापतो, पाणी आत जातं आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं. शाफ्ट पुसून मरीन ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पंखा निघायचा नाही. वायसरची उतरती बाजू शाफ्टच्या उताराला बसते. स्प्लिट पिन नेहमी नवी.

पंख्यावर दोन आकडे असतात, समजा ९¼ × १०. पहिला व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर किती इंच पुढे जाईल ते. पिच एक इंच वाढवला की इंजिनाचे मिनिटाचे फेरे साधारण १५० ते २०० उतरतात. पूर्ण थ्रॉटलला फेरे कंपनीच्या मर्यादेत यायला हवेत, एवढं बघून घ्या. इंजिन ओरडतंय पण होडी सरकत नाही, तर आधी रबर तपासा. एका दुकानात त्यासाठी माझं अख्खं इंजिन उघडायला निघाले होते, ती कथा पुन्हा कधीतरी.

दुसरी चिठ्ठी, वडे थंड होतायत म्हणे. हा मुडपलेला पंखा पहिल्या रांगेपासून फिरवतो, कड धारदार आहे, जपून. आणि हा वायसर. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, पण परत येऊ द्या.