बिडाला प्लॅस्टिक जोडताना

(दृश्य: भिंतीवरून उतरणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जुना, काळा ड्रेनेज पाईप. हातोडीचे हलके ठोके.)

ठण्ण. ठण्ण. आणि इथे, बेंडच्या (वळणाच्या तुकड्याच्या) जरा वर, आवाज एकदम बद्द येतो.

दिसायला पाईप सगळीकडे सारखाच आहे. रंग तोच, जाडीही तीच. पण इथे चाकूच्या टोकाने खरवडलं की काळी, मऊ भुकटी खाली पडते. बिडातलं लोखंड गंजून निघून गेलं आणि मागे राहिलं ते ग्रॅफाइट, पेन्सिलीत असतं तेच. पाईपचा आकार शाबूत राहतो, ताकद मात्र गेलेली असते. अशा ठिकाणी कितीही भारी कपलिंग, म्हणजे दोन पाईप जोडणारी पट्ट्याची बाही, लावा, पट्टा आवळताना खालचं बीडच चुरतं.

म्हणून खराब भाग कापून तिथे प्लॅस्टिकचा पाईप जोडायचं काम सुरू होतं ते चांगलं बीड शोधण्यापासून. ठोकत ठोकत वर जायचं आणि खणखणीत आवाज लागेल तिथेच खूण करायची. आडव्या पाईपची वरची बाजू तर आवर्जून तपासावी. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू वर चढतो आणि पाईपच्या आतल्या ओलसर छतावरचे जीवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. पाणी वाहतं खालून, पण चीर पडते वर. त्यामुळे कित्येक महिने गळती दिसत नाही, फक्त वास येत राहतो.

(दृश्य: पाईपभोवती आवळली जाणारी साखळी. तिच्यातली धारदार चाकं जवळून.)

हा साखळीचा कटर. चाकं सगळ्या बाजूंनी सारखा दाब देतात आणि बीड गोलाकार तुटतं. पण त्याआधी वरचा पाईप भिंतीला क्लँपने पक्का धरलेला हवा. 100 मिलिमीटरचा, 3 मीटर लांबीचा बिडाचा पाईप सहज 30 किलोच्या आसपास भरतो. त्याचा आधार काढून घेतला, तर वरचे सगळे सांधे एकदम सैल होऊ शकतात. ही एक पायरी वगळण्याइतकी घाई कुठल्याच कामाला नसते.

आता सांधा. जुने कारागीर सॉकेटमध्ये, म्हणजे पाईपच्या रुंद तोंडात, तागाची दोरी ठासून भरत आणि वरून वितळलेलं शिसं ओतत. बिडासाठी ती पद्धत उत्तम होती. पण शिसं वितळतं 327 अंशांना आणि नव्या पाईपचं प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी, 80 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. प्लॅस्टिकचे पाईप चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंटही इथे निरुपयोगी, कारण ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून प्लॅस्टिकलाच सांधतं. लोखंडाला ते नुसतं चिकटल्यासारखं दिसतं.

मग हात जातो वाळू-सिमेंटकडे. कितीतरी ठिकाणी असाच सांधा केलेला दिसतो, आणि पहिल्या दिवशी तो अगदी दणकट वाटतो. पण तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर 3 मीटर बीड जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढतं. तेवढ्याच लांबीचं पीव्हीसी वाढतं सात-आठ मिलिमीटर. गरम पाणी आलं की पाईप सरकतो, थंड झाला की मागे येतो. सिमेंटला ही हालचाल सोसत नाही. आधी केसाएवढी फट पडते, मग तिच्यातून ओल झिरपू लागते.

इथे रबरच हवं.

(दृश्य: रबरी बाही, तिच्यावर स्टेनलेस स्टीलचा पत्रा, दोन्ही टोकांना क्लिपा.)

कपलिंग घेताना दोन्ही पाईपांचा बाहेरचा व्यास मोजून घ्या. पीव्हीसीवरचा 110 हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, तर बिडाचा 100 हा साधारण आतल्या मापाचा. नुसत्या आकड्यांवर विसंबलं की चुकीचं कपलिंग घरी येतं. बाहेरून स्टीलचा पत्रा असलेलंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. नुसतं रबर वजनाने खाली बसतं, आत पायरी तयार होते आणि त्या पायरीवर कचरा अडकतो.

दोन्ही पाईप जागच्या जागी असतील, तर बाही मध्ये सरकवायची कशी? आधी पत्रा एका पाईपवर चढवून बाजूला सारायचा. मग बाही अर्धी चढवायची आणि उरलेली अर्धी मोज्यासारखी उलटी दुमडायची. पाईप समोरासमोर आणले की दुमड सोडायची, पत्रा जागेवर आणायचा आणि क्लिपा आळीपाळीने आवळायच्या. बिडाच्या टोकावरचा गंज आणि जुना रंग आधीच घासून काढलेला हवा. बाही सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगू शकतं.

जुनं सॉकेट चांगलं असेल तर ते फोडायची गरज नाही. शिशात ड्रिलने भोकं पाडून ते उकरून काढता येतं. त्यात रबरी रिंग बसवायची आणि नवा पाईप आत दाबायचा. शिसं बर्नरने वितळवू नका, धूर विषारी असतो. नव्या पाईपला स्वतःचे क्लँप द्या, त्याचं वजन सांध्यावर येता कामा नये.

आणि शेवटी चाचणी. खालचं तोंड बंद करून पाईपमध्ये सांध्याच्या वरपर्यंत पाणी भरायचं आणि सांध्याभोवती कोरडा कागद फिरवायचा. कागद भिजला तर क्लिपा पुन्हा तपासायच्या. कोरडा राहिला तरी सांधा भिंतीत बुजवू नका, समोर उघडता येणारं झाकण ठेवा.