गंजाडच्या जिव्या म्हसेंची रेघ

(दृश्य: कुडाच्या भिंतीवर फिरणारा हात)

कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप, वरून गेरू. झाली भिंत तयार. रंग एकच, पांढरा. तांदळाचं पीठ, पाणी आणि थोडा डिंक. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून मऊ केलेली.

पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे या एका पांढऱ्या रंगात आयुष्यभर वारली चित्रं काढत राहिले. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

पण ही कला मुळात बायकांची. वारली घरात लग्न निघालं की सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, म्हणजे लग्नाचं चित्र काढतात. मधोमध पालघट देवी, भोवती बारीक नक्षीची चौकट, बाजूला झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुजारीण, गाणी म्हणते, देवांना बोलावते. लग्न एका घरचं, पण चौक पाड्यातल्या बायका मिळून लिहितात. लहान पोरी तिथंच बघत बघत शिकतात.

जिव्यांची आई लहानपणीच गेली. त्यानंतर पोराचं बोलणं थांबलं, असं सांगतात. काही हवं असलं की ते मातीत रेघा ओढून दाखवायचे. पुढे लग्नकार्याची वाट न बघता ते रोज चित्र काढू लागले. पुरुषानं असं रोज चित्र काढत बसणं तेव्हा नवलाचं होतं.

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. १९७५ मध्ये मुंबईत जिव्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री.

(दृश्य: मासेमारीच्या जाळ्याचं चित्र, जवळून)

हे जाळं नीट बघा. सगळं चित्र या जाळ्यानं व्यापलंय. तुटक, बारीक रेघा एकमेकींना धरून पुढे सरकतात, त्यामुळे जाळं पाण्यात हलल्यासारखं वाटतं. आता माणसं बघा. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड. हातपाय काडीसारखे. चेहऱ्यावर ना डोळे, ना ओठ. तरीही कोण ओझं उचलतंय, कोण भाताच्या लावणीसाठी वाकलंय, कोण तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या तालावर नाचतंय, हे कमरेच्या कलावरून लगेच कळतं. असा कल नुसता चित्रं बघून जमत नाही. त्यासाठी शेतात राबलेलं अंग लागतं, असं मला मनापासून वाटतं. शेत, खळं, मासळी, मुंग्या, झाडं हे सगळं त्यांनी आधी जगलं आणि मग काढलं.

त्यांनी कधी वर्ग भरवून शिकवलं नाही. सदाशिव आणि बाळू ही मुलं बापाशेजारी बसून शिकली. त्यांच्या मागून गावोगावची तरुण पोरं या कामात आली. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड भागात आज कित्येक घरांना या चित्रांचा आधार आहे.

(दृश्य: शाळेची रंगवलेली भिंत)

आता वारली चित्रं शाळांच्या, स्टेशनांच्या, सोसायट्यांच्या भिंतींवर दिसतात. त्याचा आनंद आहे. पण पुष्कळ ठिकाणी त्रिकोण तेवढे आलेत, कल आलेला नाही. साच्यातून छापल्यासारखी सगळी माणसं ताठ उभी! हे बघून वाईट वाटतं, कारण खरे कलाकार काही फार लांब नाहीत. मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते.

तुमच्या गावातली, शाळेतली भिंत रंगवायची असेल, तर या पाड्यांवरच्या कलाकारांना बोलवा. मुलांना त्यांच्या हाताखाली दोन-चार दिवस बसू द्या. मोबदला आधी ठरवा, आणि चित्राखाली त्यांचं नाव घाला. त्यांच्या घरच्या सवाशिणींनाही विचारा. पालघटीचा चौक लग्नघरचा आहे. तो बाहेरच्या भिंतीवर काढायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.