अपलोड झालेल्या फाइलला हॅशचं नाव का द्यावं?

नमस्कार मंडळी! युजरने प्रोफाइल फोटो बदलला, सेव्ह केला, तरी स्क्रीनवर जुनाच फोटो. ही तक्रार आली की बऱ्याच टीम कॅशिंगच, म्हणजे एकदा आणलेली फाइल पुन्हा वापरायला जपून ठेवणंच, बंद करून टाकतात. फोटो ताजा दिसतो, पण ॲप सगळ्यांसाठीच मंदावतं. मला हा उपाय अजिबात पटत नाही. एकाच यूआरएलवर आज एक चित्र आणि उद्या दुसरं ठेवलं, तर ब्राउझरने ओळखायचं कसं? मूळ दुखणं तिथे आहे.

(स्क्रीनवर: नेटवर्क टॅब)

हे बघा. ईटॅग, म्हणजे फाइलच्या आवृत्तीची खूण, लावलाय, म्हणून सर्व्हर ३०४ म्हणतोय, म्हणजे 'फाइल तीच आहे, तुझ्याकडचीच वापर'. डेटा वाचला, पण विचारायला हेलपाटा झालाच, आणि तोही प्रत्येक थंबनेलसाठी. रेंज कमी असली की हेच हेलपाटे जाणवतात.

त्यापेक्षा अपलोड होतानाच फाइलच्या बाइट्सवरून शा-२५६ हॅश काढा, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा. ही ६४ अक्षरं म्हणजेच फाइलचं नाव, पुढे एक्स्टेन्शन. एक बाइट जरी बदलला तरी नाव पार वेगळं. त्यामुळे या यूआरएलवरची फाइल कधीच बदलणार नाही, हे सर्व्हर छातीठोकपणे सांगू शकतो:

(स्क्रीनवर) कॅश-कंट्रोल: पब्लिक, मॅक्स-एज=३१५३६०००, इम्यूटेबल

मॅक्स-एज म्हणजे फाइल न विचारता वापरायची मुदत, आणि हे सेकंद म्हणजे ३६५ दिवस. 'इम्यूटेबल' २०१७ च्या आरएफसी ८२४६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून आलं: रिफ्रेश केलं तरी विचारायला येऊ नकोस. सगळे ब्राउझर ते पाळत नाहीत, पण मॅक्स-एजवरच मोठं काम होतं.

युजरने फोटो बदलला की डेटाबेसमधला हॅश बदलतो आणि पेजमध्ये नवा यूआरएल जातो. मात्र ते पेज किंवा एपीआयचं (ॲपने मागितलेल्या डेटाचं) उत्तर वर्षभर कॅश करू नका. त्याला 'नो-कॅश' द्या. नाव काहीही असो, त्याचा अर्थ 'ठेव, पण वापरण्याआधी विचार' असा आहे.

तीच पीडीएफ दहा जणांनी टाकली, तर डिस्कवर एकच प्रत राहते. म्हणून डिलीट करताना जपा, आधी ती आणखी कोणी वापरतंय का ते तपासा.

आणि आधार कार्ड, सॅलरी स्लिप असलं काही असेल, तर लांबलचक नावावर विसंबू नका. परवानगी सर्व्हरवरच तपासा आणि 'पब्लिक'च्या जागी 'प्रायव्हेट' लिहा, नाहीतर सीडीएन, म्हणजे फाइलींच्या प्रती ठेवून वाटणारे मधले सर्व्हर, ती फाइल स्वतःकडे ठेवून घेईल.

आता तुमचं स्टोरेज उघडा आणि ई३बी०सी४४२ ने सुरू होणारं नाव शोधा. शून्य बाइटच्या फाइलचा शा-२५६ हॅश नेमका असाच सुरू होतो. सापडलं, तर कुणाची तरी रिकामी फाइल तुम्ही मुकाट्याने स्वीकारली आहे. ती नोंद कुणाची ते डेटाबेसमध्ये बघा, त्यांना पुन्हा अपलोड करायला सांगा आणि शून्य बाइटची फाइल दारातच अडवा.