आधी आवाज, मग अक्षर: कुराणाच्या लिखित प्रतींची गोष्ट

[दृश्य: बर्मिंगहॅम विद्यापीठ. काचेखाली चर्मपत्राची दोन पानं.]

मेंढीच्या किंवा बकरीच्या कातड्याची ही दोन पानं. कित्येक वर्षं ती दुसऱ्याच एका हस्तलिखितात चुकून बांधली गेली होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांचं कार्बन कालमापन झालं आणि २०१५ साली निष्कर्ष जाहीर झाला. कातडं इ.स. ५६८ ते ६४५ या काळातलं निघालं. मुहंमद पैगंबरांचं निधन ६३२ सालचं. हे वय कातड्याचं आहे, शाई नंतरची असू शकते. तरीही कुराणाच्या जगातल्या सर्वांत जुन्या पानांत यांची गणना होते.

[दृश्य: अक्षरं अगदी जवळून.]

आता अक्षरं पाहा. उंच, उजवीकडे कललेली. ही हिजाझी लिपी. स्वरचिन्हं नाहीत, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपकेही मोजकेच. अरबीत शब्दाच्या मध्ये एवढासा दात काढला, की तो ब, त, न किंवा य, काहीही असू शकतो. कोणता ते ठरतं वर-खाली दिलेल्या नुक्त्यांवरून. मग नुक्त्यांवाचून लोक वाचत कसे? त्यांना ते मुखोद्गत होतं. पान हवं असायचं ते आठवणीला आधार म्हणून. पुढच्या साऱ्या शतकांकडे आम्ही याच नजरेनं पाहतो.

परंपरा सांगते, की पैगंबरांनंतर लवकरच यमामाच्या लढाईत कुराण पाठ असलेले अनेकजण मारले गेले. पाठ करणारेच गेले तर? या काळजीनं पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद इब्न साबित यांच्यावर संकलनाचं काम सोपवलं. झैद यांनी खजुराच्या झावळ्यांचे देठ, पातळ दगड आणि माणसांची स्मृती, सगळीकडून वचनं गोळा केली. पुढे, इ.स. ६५०च्या सुमारास, इराक आणि सीरियाच्या सैनिकांत पठणावरून वाद होऊ लागले. तेव्हा तिसरे खलिफा उस्मान यांनी एक प्रमाण संहिता तयार करवली, तिच्या प्रती मोठ्या शहरांना धाडल्या आणि बाकीच्या जाळून टाकायला सांगितल्या.

[दृश्य: साना, येमेन. जुनी मशीद.]

त्या बाकीच्या प्रतींत काय होतं, याची थोडी कल्पना इथे येते. १९७२ साली सानाच्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना छपरात जुन्या चर्मपत्रांचा ढीग सापडला. त्यातल्या काही पानांवर मजकुराखाली खरवडून पुसलेला दुसरा मजकूर आहे. अतिनील प्रकाशात तो वाचता येतो. तोही कुराणच. पण सुरांचा, म्हणजे अध्यायांचा, क्रम वेगळा आणि अधूनमधून शब्दही थोडे वेगळे. वरचा मजकूर उस्मानी परंपरेतला. एका संहितेवर दुसरी संहिता, एकाच कातड्यावर! इतका बोलका पुरावा अभ्यासकांच्या हाती क्वचितच लागतो.

इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला, आणि ज्यांची मायबोली अरबी नाही असे लोक कुराण वाचू लागले. उच्चार चुकू लागले. मग स्वरांसाठी रंगीत ठिपके आले. त्याचं श्रेय परंपरेनं बसऱ्याच्या अबुल अस्वद अद-दुअली यांना दिलं जातं. आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी आज दिसतात तशी स्वरचिन्हं रूढ केली. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी सात पठणपरंपरांना मान्यता दिली.

[दृश्य: व्हेनिस. जुना छापखाना.]

छपाईला मात्र हा आवाज सहज पकडता आला नाही. व्हेनिसमध्ये १५३७-३८च्या सुमारास पागानिनी पिता-पुत्रांनी अरबी कुराण छापलं. त्यात दाल आणि झाल या अक्षरांत फरकच राहिला नाही. त्यांच्यातला फरक फक्त एका नुक्त्याचा! ज्यांना कुराण तोंडपाठ, त्यांना ही प्रत कशी चालावी?

मार्ग निघाला तो शिळाछापाने. कातिबाने, म्हणजे लेखनिकाने, हाताने लिहायचं आणि ते अक्षर जसंच्या तसं दगडावरून कागदावर उतरायचं. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि लखनौ इथून अशा प्रती निघत. लखनौतल्या छापखान्याचे मालक होते मुन्शी नवलकिशोर, एक हिंदू.

१९२४ साली कैरोत विद्वानांच्या समितीने तपासलेली आवृत्ती निघाली. तिने हफ्स यांची पठणपरंपरा धरली आणि आज जगात बहुतेक ठिकाणी तीच चालते. पण मोरोक्कोत वर्श यांचं पठण अजून नांदतं आहे. तिथल्या मगरिबी लिपीतल्या प्रतींत ‘फ’चा नुक्ता अक्षराच्या खाली असतो आणि ‘क़’ला वर एकच.