शिस्त म्हणजे नेम

श्रोतेहो, नमस्कार.

सैन्याच्या फायरिंग रेंजवर 'शिस्त घेणे' याचा अर्थ वेळेवर उठणे असा होत नाही, तर रायफलचा नेम धरणे असा होतो. आपल्या जुन्या मराठीतही बंदुकीची शिस्त धरतात ती याच अर्थाने. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत 49 आठवडे काढूनही मला या शब्दाचे मर्म कळले नव्हते. ते कळले पुढे दहा वर्षांनी, शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे सैन्यातल्या ठरावीक वर्षांच्या नोकरीची, मुदत संपत आली आणि आयआयएमच्या प्रवेशासाठी मी कॅट परीक्षेच्या तयारीला लागलो तेव्हा.

आपल्याकडे लष्करी शिस्त म्हटली की पालकांना पहाटेचा गजर आणि करडा आवाजच आठवतो. मीही आरंभी तेच केले. दोन महिने पहाटे चारला उठून अभ्यासाला बसलो, पण सराव परीक्षेतील गुण जागचे हलले नाहीत.

मग मला झिरोइंग आठवले. नवी रायफल हाती आली की तिची शिस्त जुळवण्यासाठी आधी मोजक्या गोळ्या झाडतात. माझ्या पाचही गोळ्या एकदा टार्गेटच्या डाव्या कोपऱ्यात, पण मुठीएवढ्या जागेत लागल्या होत्या, आणि उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, चक्क खूश झाले होते. शेजारच्या कॅडेटच्या दोन गोळ्या मधोमध आणि तीन चहूकडे विखुरलेल्या होत्या. त्याला मात्र पुन्हा पकड आणि श्वास यांपासून सुरुवात करावी लागली. एकाच जागी होणारी चूक साइट, म्हणजे रायफलवरची नेम धरण्याची खूण, फिरवून दुरुस्त करता येते, पण विखुरलेल्या गोळ्यांचा दोष धरणाऱ्याच्या हातात असतो.

हीच रीत मी सराव परीक्षांना लावली. कॅटमध्ये 40 मिनिटांचे तीन विभाग असतात, वेळ संपली की मागच्या विभागात परतता येत नाही, आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर बरोबर आले तर 3 गुण मिळतात, चुकले तर 1 गुण जातो. प्रत्येक चुकीपुढे मी वहीत कारण आणि घड्याळाची वेळ लिहू लागलो. गणितातल्या माझ्या बहुतेक चुका शेवटच्या आठ मिनिटांत, नवे प्रश्न घाईने उघडल्यामुळे होत होत्या, म्हणजे रेंजच्या भाषेत ग्रुप घट्ट होता, चुका एकाच जागी पडत होत्या. त्या आठ मिनिटांत फक्त अर्धवट राहिलेले प्रश्न पुरे करायचे, असे ठरवताच तिथली गळती बरीच थांबली.

माहितीच्या विश्लेषणाचा आणि तर्काचा विभाग मात्र खरा विखुरलेला होता: एकदा उत्तम, एकदा सपशेल आडवा. तिथे पकडच चुकत होती, कारण समोर येईल त्या प्रश्नसंचावर मी तुटून पडत होतो. कोणतीही तुकडी रेकी, म्हणजे आधी जागेची पाहणी, केल्याशिवाय हल्ला करत नाही, हे दहा वर्षे शिकवूनही मी स्वतः विसरलो होतो. त्यानंतर पहिली पाच मिनिटे काहीही न सोडवता सगळे संच वाचायचे आणि कोणता सोडून द्यायचा हे आधी ठरवायचे, असा नियम मी केला. हातातला संच टाकून देणे सैनिकाच्या स्वभावाला फार जड जाते, हेही सांगायला हवे.

रूट मार्चमध्ये 50 मिनिटे चालून 10 मिनिटे थांबण्याची जुनी पद्धत आहे, तीही मी अभ्यासासाठी उचलली. रगड्याचा, म्हणजे कॅडेटना मिळणाऱ्या अंगमेहनतीच्या शिक्षेचा, मात्र काडीचा उपयोग नाही. कोलांट्या मारून कोणाला क्रमचय-संचय आलेले मी पाहिलेले नाही. घरी आणखी एक अडचण होती, ती म्हणजे फॉल-इन करायला, म्हणजे हजेरीसाठी रांगेत उभे राहायला, शेजारी प्लॅटून (सैनिकांची तुकडी) नव्हती. तेव्हा रोज रात्री साडेनऊला एका सहकाऱ्याला फोन करून त्या दिवशीच्या चुका वाचून दाखवायच्या, हीच आमची हजेरी ठरली. त्याने काही शिकवले नाही, नुसते ऐकले, पण त्या फोनच्या धाकाने वहीचे एकही पान कोरे राहिले नाही.

आज रात्री आपल्या मागच्या तीन सराव परीक्षा बाहेर काढा. गुणांकडे पाहू नका. चुका एका जागी पडल्या आहेत की विखुरल्या आहेत, तेवढेच आधी पाहा. नमस्कार.