टेकडीखालची दफनभूमी आणि वाळूतली

मंडळी, नाशकात गोदेला पूर आला की आपण आधी विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचं बेटावरचं गाव आहे. तिथल्या लोकांना ११ ऑक्टोबर १८४६ रोजी असं काही विचारायची उसंतच मिळाली नाही. वादळात दीपगृह कोसळलं, त्यात आसऱ्याला गेलेली माणसं दगावली. दक्षिण किनाऱ्यावरची जुनी दफनभूमी समुद्रानं उकरून काढली आणि गाडलेली प्रेतं बाहेर पडली.

रामकुंडात अस्थी सोडणाऱ्या आपल्याला वाटेल, पाण्यानं नेलं त्यात एवढं काय? पण आपण आपल्या हातानं सोपवतो. तिथे पाण्यानं ओरबाडून नेलं.

गाव शहाणं झालं. १८४७ मध्ये नवी दफनभूमी सोलारेस हिलच्या पायथ्याशी नेली. ‘हिल’ ऐकून पांडवलेणी चढणारे हसतील. उंची जेमतेम १८ फूट! पण त्या बेटावर याहून उंच जागाच नाही. खाली चुनखडीचा खडक, खणायचं कसं? म्हणून पुष्कळ थडगी जमिनीच्या वरच बांधलेली, काही तर एकावर एक रचलेली.

१९ एकरांच्या या जागेत सगळं गाव आहे. कॅथलिकांचा भाग वेगळा, ज्यूंचा वेगळा. १८६८ मध्ये क्युबात स्पेनविरुद्ध युद्ध पेटलं, तेव्हा सिगार वळणारे कारागीर इकडे आले. तिथल्या हुतात्म्यांचं स्मारक इथे आहे. १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही युद्धनौका स्फोटात बुडाली, तिचे काही खलाशीही इथेच आहेत. आणि एका बाईंच्या थडग्यावर कोरलंय, ‘सांगत होते ना, मी आजारी आहे!’ पर्यटक हेच बघायला येतात. येऊ देत बापडे.

मला सांगायचंय ते याच्या पुढचं. १८६० मध्ये अमेरिकी नौदलानं वाइल्डफायर, विल्यम आणि बोगोता ही गुलामवाहू जहाजं पकडून की वेस्टला आणली. १,४३२ आफ्रिकी माणसं सुटली. गावानं त्यांना कपडे दिले, ते निर्दय नव्हतं. तरीही उपासमारीनं आणि रोगानं खंगलेले २९५ जण तिथेच गेले; उरलेल्यांना लायबेरियाला पाठवलं. या २९५ जणांना पुरलं कुठे? दक्षिण किनाऱ्यावर, वाळूत. ज्या किनाऱ्यावरून गावानं आपले मृत तेरा वर्षांपूर्वी हलवले, त्याच किनाऱ्यावर. पुढे यादवी युद्धात तिथे बुरूज बांधला गेला आणि कबरी विस्मरणात गेल्या. २००२ मध्ये जमिनीचा वेध घेणाऱ्या रडारनं त्यातल्या काही पुन्हा सापडल्या.

वर जागा नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. टेकडीखालच्या त्या दफनभूमीत आजही दफनं होतात.