लहरी जनतेच्या, चर्चा मात्र बंद

मित्रहो, ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती बंदी ४ मे २०२४ ला उठली. बंदी आली ते दिवस लाल कांद्याचे होते. उन्हाळ कांदा कांदाचाळीत काही महिने राहतो, त्यामुळे भाव पडला तर शेतकरी थोडा थांबू शकतो. लाल कांदा टिकत नाही. काढला की ट्रॅक्टर बाजार समितीच्या आवारात न्यावाच लागतो आणि लिलावात जो भाव पुकारला जाईल तो पदरात पाडून घरी परतावे लागते. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. या सगळ्याची साधकबाधक चर्चा, शेतकऱ्याचा फोन थेट प्रक्षेपणात घेऊन, एखाद्या खासगी एफएम वाहिनीला करता आली असती का? नसती, कारण नियमच तसा आहे.

खासगी एफएम २००१ मध्ये सुरू झाले. स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरची चर्चा त्यांना आजही वर्ज्य आहे. २०११ च्या धोरणाने मुभा दिली ती आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्याची. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना यांना बातमी मानले जात नाही. म्हणजे उद्या पाणी येणार नाही, हे निवेदक सांगू शकतो. पाणीपट्टी का वाढली, यावर श्रोत्यांना बोलते करू शकत नाही. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या सामुदायिक रेडिओ केंद्रांवरही बातम्यांबाबत असेच बंधन आहे, आणि मला ते अधिक खटकते, कारण ही केंद्रे मुळात गावाने गावाशी बोलावे म्हणून उभी राहिली.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. त्या लोकहितासाठी सार्वजनिक यंत्रणेने नियंत्रित कराव्यात, हेही त्याच निकालात आहे. सरकार म्हणते की इतक्या केंद्रांवर लक्ष ठेवणे अवघड आहे आणि सुरक्षेला धोका संभवतो. ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पण दूरचित्रवाणीवर रोज रात्री याच विषयांवर वाद झडतात, मग बंदी नेमकी त्या माध्यमावर का, जे शेतात काम करता करता ऐकता येते?

मोकळीक देताना अमेरिकेचा अनुभव मात्र समोर ठेवावा. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्न हाताळावेत आणि त्यांच्या भिन्न बाजू मांडाव्यात, असे तिथल्या प्रसारकांवर १९४९ पासून बंधन होते. ते १९८७ मध्ये उठले आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा एकाच राजकीय बाजूचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. हे घडण्याला इतरही कारणे होती. तरीही दुसरी बाजू ऐकवण्याची सक्ती आपण परवान्यातच घालावी, असे माझे ठाम मत आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्यांची शिफारस केली. मला त्या मिनिटांपेक्षा फोनची जास्त आस आहे. निर्यातबंदीवर निफाडचा शेतकरी बोलेल, कांदा महागला म्हणून हात आखडता घेणारी परळची गृहिणी बोलेल, आणि बंदरात कंटेनर अडकलेला निर्यातदारही बोलेल. त्या गृहिणीची तक्रार खरी आहे, आणि ती शेतकऱ्याने तिच्याच तोंडून ऐकावी.